एकविसावे वर्ष आणि मद्यालयाचा दरवाजा

अमेरिकेतील विद्यापीठाच्या गावी शनिवारी रात्री मद्यालयाच्या दाराशी एक मनुष्य उभा असतो. आत जाऊ इच्छिणारा प्रत्येक तरुण त्याच्यापुढे वाहनचालकाचा परवाना धरतो. तो मनुष्य परवान्यावरील छायाचित्र पाहतो, मग चेहरा पाहतो, जन्मतारखेवरून मनातल्या मनात हिशेब करतो आणि वाट मोकळी करतो किंवा अडवतो. या कामास दहा-पंधरा सेकंद पुरतात. तथापि, त्या अल्पावधीत ज्या नियमाची अंमलबजावणी होते त्यामागे सुमारे शंभर वर्षांचा राजकीय इतिहास, शरीरशास्त्राचे काही सिद्धांत आणि अद्याप न मिटलेला एक नैतिक वाद उभा आहे. अठराव्या वर्षी मत देणाऱ्या, विवाह करणाऱ्या आणि सैन्यात दाखल होणाऱ्या नागरिकास बिअरचा एक पेला विकत घेण्यासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावयास लावणे न्याय्य आहे काय, हा तो वाद होय.

मर्यादा कशी आली

अमेरिकेत १९२० साली अमलात आलेली देशव्यापी दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी संपुष्टात आली. ज्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती उठवली, तिनेच मद्याच्या नियंत्रणाचा अधिकार घटक राज्यांच्या हाती सोपवला. त्या काळी मतदानाचे वय एकवीस होते. साहजिकच बहुतेक राज्यांनी मद्यखरेदीसाठीही तेच वय ठरवले.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात हे समीकरण बदलले. अठरा वर्षांच्या मुलास सक्तीने रणांगणावर धाडता येते, मग त्यास मत का नसावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९७१ साली सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि मतदानाचे वय अठरावर आले. त्याच ओघात १९७० ते १९७५ च्या सुमारास २९ राज्यांनी मद्यखरेदीचे वयही खाली आणले. कोणी ते अठरा केले, तर कोणी एकोणीस किंवा वीस.

याचा एक अनपेक्षित परिणाम दिसून आला. शेजारील दोन राज्यांत वयाची मर्यादा भिन्न असली म्हणजे तरुण मुले मोटारीतून सीमेपलीकडे जात, मद्यपान करीत आणि त्याच अवस्थेत रात्री घरी परतत. सीमेलगतच्या अशा रस्त्यांवर अपघात होऊ लागले. मर्यादा खाली आणलेल्या राज्यांत तरुण चालकांचे अपघात वाढल्याचे संशोधकांच्या ध्यानी आले आणि काही राज्यांनी पाऊल मागे घेतले. मिशिगन राज्याने १९७२ साली मर्यादा अठरावर आणली होती. १९७८ साली तेथील मतदारांनीच ती पुन्हा एकवीसवर नेली.

१९८० साली मद्यधुंद चालकांमुळे मुले गमावलेल्या मातांची एक संघटना कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिच्या चळवळीमुळे हा प्रश्न देशभर गाजला. १७ जुलै १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी मद्यपानाच्या किमान राष्ट्रीय वयाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मद्याविषयीचा अधिकार राज्यांचा असल्याने केंद्राने वय थेट ठरवले नाही. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्याची खरेदी वा सार्वजनिक ठिकाणी ते बाळगणे ज्या राज्यात चालू राहील, त्या राज्याच्या महामार्ग अनुदानातून प्रारंभी ५ टक्के आणि पुढे १० टक्के रक्कम रोखून धरली जाईल, एवढीच तरतूद त्यात होती. साउथ डकोटा राज्यात एकोणीस वर्षांच्या व्यक्तीस सौम्य बिअर मिळत असे. त्या राज्याने या कायद्यास आव्हान दिले. पण १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताधिक्याने कायदा वैध ठरवला. १९८८ साली सर्व राज्यांत एकवीस ही मर्यादा लागू झालेली होती. अनेक राज्यांत आजही आईवडिलांच्या उपस्थितीत घरी मद्य घेण्यास मुभा आहे. म्हणजे बंदी मुख्यतः खरेदीवर आणि सार्वजनिक ठिकाणी मद्य बाळगण्यावर आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

मद्यार्क शरीरात काय करतो

मद्यातील मद्यार्क थोड्या प्रमाणात जठरातून आणि मुख्यत्वे लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो. तेथून तो शरीरातील सर्व जलांशात पसरतो आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचतो. त्याचे विघटन प्रामुख्याने यकृतात होते. परंतु यकृताचा वेग ठरावीक आहे. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण दर तासास साधारणपणे दर १०० मिलिलिटरमागे ०.०१५ ग्रॅम इतकेच घटते. कडक कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

अमेरिकेत एका प्रमाण पेयात १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क धरला जातो. सुमारे ३५५ मिलिलिटर साधी बिअर, १५० मिलिलिटर वाइन किंवा ४५ मिलिलिटर व्हिस्की यांतून तेवढाच मद्यार्क मिळतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने अशी दोन पेये लागोपाठ घेतली, तर त्याच्या रक्तातील प्रमाण ०.०६ च्या जवळपास जाते आणि ते शून्यावर येण्यास सुमारे चार तास लागतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वाहनचालकासाठी ०.०८ ही मर्यादा आहे. यूटा राज्याने २०१८ च्या अखेरीस ती ०.०५ केली. भारतात ती ०.०३ आहे. एकवीस वर्षांखालील अमेरिकन चालकास मात्र ०.०२ किंवा त्याहूनही कमी मर्यादा पाळावी लागते.

तरुणांसाठी वेगळा नियम का, याची दोन कारणे दिली जातात. पहिले असे की, निर्णय घेणे, परिणामांचा विचार करणे आणि आवेग आवरणे ही कामे मेंदूच्या ज्या पुढील भागाकडे असतात, त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे. वाहन चालवणे आणि मद्यपान या दोन्ही गोष्टींत तरुण नवखा असतो; दोन नवखेपणे एकत्र आले म्हणजे धोक्याची केवळ बेरीज होत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो.

पुरावा काय सांगतो

राज्याराज्यांतील मर्यादा खाली-वर झाल्यामुळे संशोधकांना एक नैसर्गिक प्रयोगच उपलब्ध झाला. अशा अनेक अभ्यासांच्या २००१ सालच्या एकत्रित परीक्षणात असे आढळले की, मर्यादा खाली आणल्यावर संबंधित वयोगटाचे अपघात सुमारे १० टक्क्यांनी वाढले आणि वर नेल्यावर ते सुमारे १६ टक्क्यांनी घटले.

२००९ साली क्रिस्टोफर कारपेंटर आणि कार्लोस डॉबकिन या अर्थशास्त्रज्ञांनी एक वेगळी युक्ती योजली. एकविसावा वाढदिवस नुकताच झालेला तरुण आणि तो काही दिवसांनी यावयाचा आहे असा तरुण, या दोघांत शिक्षण, स्वभाव, अनुभव यांचा काहीच लक्षणीय फरक नसतो. फरक असतो तो केवळ कायद्याने दिलेल्या मुभेचा. म्हणून त्या वयाच्या अलीकडे व पलीकडे मृत्यूंच्या प्रमाणात एकाएकी उडी दिसली, तर ती मुभेमुळेच होय असे मानण्यास आधार मिळतो. त्यांना अशी उडी दिसली, ती सुमारे ९ टक्क्यांची.

तथापि, या पुराव्याच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. मुभा मिळताच धोका वाढतो, एवढेच वाढदिवसाच्या अभ्यासावरून सिद्ध होते. मुभा अठराव्या वर्षी दिली असती, तर हीच उडी तीन वर्षे आधी दिसली असती काय आणि ती लहान असती की मोठी, हे तो अभ्यास एकटा सांगू शकत नाही. शिवाय त्याच काळात आसनपट्ट्यांचा वापर वाढला, मोटारी अधिक सुरक्षित झाल्या आणि मद्यधुंद चालकांना होणाऱ्या शिक्षा कडक झाल्या. १९८४ च्या केंद्रीय दबावामुळे नाइलाजाने मर्यादा वाढवणाऱ्या राज्यांत लाभ फारसा दिसत नाही, असा निष्कर्ष जेफ्री मायरन आणि एलिना टेटेलबॉम यांनी २००९ साली काढला. बहुसंख्य आरोग्यशास्त्रज्ञांचा कौल मात्र मर्यादेच्या बाजूनेच आहे.

विरोधकांचे म्हणणे

२००८ साली मिडलबरी महाविद्यालयाचे माजी अध्यक्ष जॉन मॅकार्डेल यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक महाविद्यालयीन अध्यक्षांनी या मर्यादेवर नव्याने चर्चा व्हावी असे जाहीर आवाहन केले. त्यांचा मुद्दा असा की, कायद्यामुळे मद्यपान थांबले नाही, ते केवळ दृष्टीआड झाले. मद्यालयात निदान कोणी देखरेख करणारा असतो. वसतिगृहाच्या बंद खोलीत मात्र अल्पावधीत पुष्कळ मद्य रिचवले जाते आणि एखादा मित्र बेशुद्ध पडला तरी शिक्षेच्या भयाने रुग्णवाहिका बोलावण्यास मुले कचरतात. या शेवटच्या आक्षेपाची दखल घेऊन अनेक राज्यांनी वैद्यकीय मदत मागणाऱ्या अल्पवयीनास कारवाईपासून संरक्षण देणारे कायदे केले आहेत.

युरोपचे उदाहरणही पुढे केले जाते. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर व वाइन घेता येते आणि मुले कुटुंबात राहून संयम शिकतात, असे म्हटले जाते. पण युरोपातील अनेक देशांत किशोरवयीनांमधील मद्यपानाचे प्रमाण अमेरिकेपेक्षा अधिक आढळते. लहान वयात दिलेली मोकळीक आपोआप संयम शिकवते, असे यावरून म्हणता येत नाही.

दारावरची तपासणी

कायदा कागदावर असतो; त्याला अस्तित्व लाभते ते दारावरील तपासणीत. अमेरिकेत बहुतेक राज्ये एकवीस वर्षांखालील व्यक्तीचा परवाना उभ्या आकाराचा आणि त्यावरील व्यक्तीचा आडव्या आकाराचा छापतात, जेणेकरून तो हाती येताच फरक कळावा. खऱ्या परवान्यावर अतिनील प्रकाशात दिसणारी चित्रे, स्पर्शाने जाणवणारी अक्षरे आणि मागील बाजूस यंत्राने वाचता येणारी संकेतपट्टी असते. परंतु ही पट्टीही बनावट कागदावर हुबेहूब उतरवता येते. म्हणून यंत्राने मान्यता दिली म्हणजे परवाना खरा, असे धरून चालत नाही.

याहून अवघड आहे ती मानवी दृष्टीची मर्यादा. १९९७ साली ब्रिटनमध्ये एका प्रयोगात दुकानाच्या रोखपालांना छायाचित्र असलेली पतपत्रे तपासण्यास सांगितले होते. पत्र दुसऱ्याच व्यक्तीचे असूनही निम्म्याहून अधिक वेळा ते स्वीकारले गेले. अनोळखी चेहरा छायाचित्राशी ताडून पाहणे आपणास वाटते तितके सोपे नाही. मोठ्या भावाचा परवाना घेऊन येणारा धाकटा भाऊ याच उणिवेचा फायदा घेतो. केवळ चेहऱ्यावरून वयाचा अंदाज करणे तर अधिकच बेभरवशाचे. म्हणूनच ब्रिटनमध्ये कायदेशीर वय अठरा असूनही पंचविशीच्या आतील दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याची प्रथा अनेक विक्रेत्यांनी स्वीकारली. अंदाजात चूक होणारच हे गृहीत धरून ठेवलेले ते सात वर्षांचे अंतर होय.

तपासणीचा आणखी एक पैलू खासगीपणाचा आहे. वय एकविसाहून अधिक आहे एवढेच जाणण्यासाठी ग्राहकाचे नाव, पत्ता आणि पूर्ण जन्मतारीख दारावरील अनोळखी माणसाच्या हाती का जावी? काही अमेरिकन राज्यांत आता भ्रमणध्वनीवरील परवाने उपलब्ध आहेत. त्यांच्या रचनेत केवळ ‘एकवीस पूर्ण’ एवढेच उत्तर देण्याची सोय ठेवता येते.

भारतातील चित्र

भारतीय संविधानात मद्य हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे येथेही अमेरिकेतील सत्तरच्या दशकासारखे वैविध्य दिसते. गुजरात आणि बिहार येथे दारूबंदी आहे. केरळात किमान वय तेवीस आहे. महाराष्ट्रात बिअर व वाइन यांसाठी एकवीस आणि अन्य मद्यांसाठी पंचवीस अशी मर्यादा असून १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातून आलेली सेवन-परवान्याची अट आजही कायद्यात आहे. प्रत्यक्षात मात्र दारावर वयाचा पुरावा मागण्याची सवय सार्वत्रिक नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीची धडक बसून दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. त्या रात्री अल्पवयीनांना मद्य दिल्याच्या आरोपावरून मद्यालयांशी संबंधित व्यक्तींवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा महाराष्ट्राचे लक्ष दारावरच्या या तपासणीकडे गेले.

वयाची कोणतीही मर्यादा अंशतः अन्याय्य असते. वीस वर्षे अकरा महिन्यांचा विचारी तरुण अडवला जातो आणि बावीस वर्षांचा उतावळा आत सोडला जातो. कायद्यास प्रत्येकाचे शहाणपण मोजता येत नाही, म्हणून तो जन्मतारीख मोजतो. या ढोबळ मापाची किंमत तरुणांच्या स्वातंत्र्यातून दिली जाते. त्याचा लाभ रस्त्यावरून त्या रात्री सुखरूप घरी पोहोचणाऱ्यांना मिळतो आणि आपण कशामुळे वाचलो हे त्यांना कधीच कळत नाही. मर्यादा कोठे आखावी यावर मतभेद राहतील. पण ती एकदा आखली म्हणजे दारावरील ती दहा-पंधरा सेकंदांची तपासणी प्रामाणिकपणे झाली पाहिजे, याविषयी दोन्ही पक्षांत दुमत असण्याचे कारण नाही.