नाताळच्या अंगणाला पिवळी फुले : कोणती लावावी, कोणती टाळावी

नाताळच्या फुलांची गोष्ट आम्ही भर पावसाळ्यात काढली, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण डिसेंबरात अंगण फुललेले हवे असेल, तर त्याची तयारी आताच करावी लागते. नाताळच्या आठवड्यात रोपे शोधत फिरून उपयोग नसतो.

या विषयाला निमित्त झाले एका वाचक भगिनीचे. त्यांची मुलगी जर्मनीत परिचारिका आहे. तिने गेल्या हिवाळ्यात तिकडच्या बागेतील एक चित्र मोबाईलवर पाठविले. भोवती बर्फ आणि त्यातून वर आलेली, माना खाली घातलेली फिकट पिवळी फुले. झाडाचे नाव हेलेबोर. बाईंनी आम्हाला विचारले, "थंडीत आपले अंगण उदास दिसते. हे झाड आपल्याकडे लावता येईल काय?"

आमचे उत्तर असे की, येणार नाही. हेलेबोर हे थंड मुलुखातील झाड. त्याची पांढऱ्या फुलांची एक जात आल्प्स पर्वताच्या भागातली. ती ऐन थंडीत फुलते, म्हणून तिकडचे लोक तिला 'नाताळचा गुलाब' म्हणतात. वास्तविक गुलाबाशी तिचे काही नाते नाही. पिवळ्या रंगाच्या जाती बागवानांनी निवड व संकर करून तयार केल्या आहेत. त्याच्या ज्या भागाला आपण पाकळ्या समजतो, तो फुलाबाहेरचा निदल असतो. म्हणून ते फूल कित्येक आठवडे टिकलेले दिसते. पण एप्रिल-मे महिन्यांत बीदर-कलबुर्गीकडे जे ऊन पडते, त्यात हे झाड तग धरणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हेलेबोर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. तिकडचे लोक ते जाणून लावतात व लहान मुलांना त्यापासून दूर ठेवतात.

हीच गोष्ट आपल्या अंगणालाही लागू आहे. फुलाचा रंग पाहून झाड निवडू नये. सबंध झाड पाहून निवडावे. आपल्या हवेत थंडीत फुलणारी तीन पिवळी फुले आम्ही सुचवितो, आणि एका पिवळ्या फुलाविषयी सावध करतो.

झेंडू

आपल्याकडे झेंडू लावतात तो दसरा-दिवाळीच्या बाजारासाठी. ते पीक नाताळपर्यंत थकते, झाडे खालून वाळतात आणि फुले बारीक होतात. नाताळासाठी दुसरी पेरणी करावी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर बी टाकावे. तीन-चार आठवड्यांत रोपे लावण्याजोगी होतात. लावल्यावर महिन्याभराने प्रत्येक झाडाचा शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून फुले अधिक येतात. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून भालकी, आळंद या बाजूच्या बांधवांनी सरीच्या वरंब्यावर लावणी करावी. बीदरच्या आसपासच्या तांबड्या जांभ्याच्या मातीत पाणी थांबत नाही. तेथे शेणखत थोडे अधिक घालावे. धुण्याभांड्याचे पाणी वळवून दिले तरी दहा-वीस झाडे सहज जगतात.

झेंडू शेताच्याही कामाचा आहे. त्याच्या मुळांतील द्रव्यामुळे जमिनीतील सूत्रकृमी कमी होतात. टोमॅटोत फळ पोखरणारी अळी असते, तिचा पतंग झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडी घालणे पसंत करतो. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने यावरून एक पद्धत बसविली. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ लावायची. झेंडूची रोपे ४० दिवसांची व टोमॅटोची २५ दिवसांची घ्यायची, म्हणजे दोन्हींना फुले एकाच वेळी येतात. तुरीवरची व हरभऱ्यावरची घाटेअळी हीच. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तुरीचा मोठा शत्रू ही अळी आहे. मात्र झेंडूवर आलेली अळी वेचून मारली पाहिजे. तसे न केल्यास झेंडूच तिचे माहेरघर होईल.

शेवंती

शेवंती हे लहान दिवसांचे फूल. दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली की तिला कळी धरते. म्हणूनच रात्रभर दिव्याच्या उजेडात राहिलेली शेवंती फुलायला उशीर करते. आपल्या दारची शेवंती नुसतीच वाढते आणि फुलत नाही, अशी तक्रार असेल तर वर दिवा आहे काय ते पाहावे व कुंडी अंधाऱ्या बाजूस हलवावी.

शेवंतीची लागवड जून-जुलैची. यंदा ती राहिली असेल, तर मुळे धरलेली रोपे आणून आताच लावावी. ज्यांनी वेळेवर लावली आहे, त्यांनी शेंडे खुडण्याचे काम ऑगस्टअखेर संपवावे. त्यानंतर खुडल्यास कळ्याच जातात. नोव्हेंबरपासून फुले येऊ लागतात. बहर संपल्यावर झाड उपटून टाकू नये. बुंध्याभोवती ज्या काश्या फुटतात, त्या जपून ठेवल्या की पुढच्या वर्षीची रोपे फुकट मिळतात.

करडई

करडईला कोणी बागेतले फूल म्हणत नाही. आपले कन्नड शेजारी तिला कुसुबी म्हणतात, आणि दोघांच्याही घरी तिची ओळख तेलापुरती. पण डिसेंबर-जानेवारीत ज्वारीच्या कडेने फुललेली करडईची ओळ पाहावी. फूल उमलते पिवळे आणि सुकता सुकता नारिंगी-तांबडे होते. मधमाश्या दिवसभर त्यावर असतात. तिचे सोटमूळ खोल जाते, म्हणून जमिनीतल्या ओलीवर ती येते, पाणी मागत नाही. जुने लोक ज्वारीभोवती करडईचे पाटे घालीत, ते काही उगाच नव्हे. काटेरी असल्याने गुरे आत शिरत नाहीत.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावी. उशिरा पेरल्यास मावा फार पडतो. दोन-तीन आठवड्यांनी विरळणी करताना जी कोवळी रोपे निघतात, त्यांची भाजी करावी. परसात मुले खेळत असतील, तर बिनकाट्याची जात घ्यावी; फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची 'नारी-६' ही तशी जात आहे.

पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी

आता सावधगिरीची गोष्ट. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे यांच्या कुंपणाला आणि आपल्या घरांच्या दारात जे पिवळे फूल बारा महिने दिसते, ते पिवळ्या कण्हेरीचे. पाणी लागत नाही, गुरे तोंड लावीत नाहीत, काडी खोचली तरी जगते. म्हणून ती सर्वत्र झाली. लहानपणी आम्हीही तिच्या बिट्ट्यांनी खेळलो आहोत. तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही की, त्या बिट्टीतील गर हृदयावर घात करणारे विष आहे. पाने, साल, पांढरा चीक, फूल, सर्वच विषारी. बी सर्वांत जहाल. गुरे हिरवे झाड टाळतात, पण टंचाईत वाळलेली पाने वैरणीत मिसळून गेली तर ती खाल्ली जातात, आणि वाळल्याने विष जात नाही.

मुलाने बिट्टी चघळली किंवा खाल्ली असे कळल्यास तोंडाची आग, उलट्या, जुलाब, चक्कर यांची वाट पाहत बसू नये. नाडी मंद किंवा अनियमित होणे ही धोक्याची खूण. ती काही तासांनीही दिसू शकते. मीठपाणी पाजू नये, उलटी काढण्याचा खटाटोप करू नये, झाडपाल्याचे औषध देऊ नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. सोबत झाडाची एक डहाळी व उरलेली बिट्टी पिशवीत घालून न्यावी, म्हणजे डॉक्टरांना लगेच उलगडा होतो. मूल हसतेखेळते दिसले तरी डॉक्टरांनी थांबा म्हटल्यास थांबावे, कारण हृदयाची गती यंत्रावर पाहत राहावी लागते.

ज्या घरी लहान मुले आहेत, तेथे हे झाड काढावे हे बरे. गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या कुंपणाची काढली. तोडताना हातात कापड गुंडाळावे, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, नंतर हात साबणाने धुवावे. लाकूड चुलीत घालू नये. खोल खड्ड्यात पुरावे. खाली पडलेल्या बिट्ट्या वेचण्याचे काम मुलांना सांगू नये.

दरवर्षी बी टाकण्याचा त्रास नको आणि कुंपणाला पिवळे फूल हवे, असे म्हणणाऱ्यांनी टेकोमा लावावा. त्याचीही फुले पिवळी व घंटेच्या आकाराची असतात, म्हणून लोकांचा घोटाळा होतो. ओळख सोपी आहे. टेकोमाच्या एका देठावर दातेरी कडांची अनेक पाने असतात, शेंगा लांब व बारीक असतात आणि पान तोडले असता पांढरा चीक येत नाही. कण्हेरीचे पान एकेकटे, लांबट व अरुंद असते आणि तोडताच चीक येतो. टेकोमाच्या शेंगा पिकण्याआधी छाटाव्या, नाहीतर त्याची रोपे चोहीकडे पसरतात.

सप्टेंबर लागण्याआधी एकदा आपल्या अंगणात फिरून यावे आणि कुंपणाचे एक पान तोडून पाहावे. ते आधी करावे. झेंडूचे बी मग टाकता येईल, त्याला अजून वेळ आहे.