चौदा कोअर स्वस्तात मिळतायत? आधी हे वाचा!

गेमिंग कॅफे किंवा एडिटिंगचा व्यवसाय सुरू करताय? मग कोणीतरी नक्की सांगेल, "जुना सर्व्हर प्रोसेसर घ्या, स्वस्तात मस्त!" थांबा, आधी हिशोब करू.

२०१६ चा इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४: १४ कोअर, पण वेग जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ. २०२२ चा कोअर आय५-१२४००: कोअर ६च, पण वेग ४.४ पर्यंत. गेमचं बरंचसं काम मोजक्या कोअरवरच चालतं. एका कढईवर चौदा आचारी उभे केले, म्हणून भजी लवकर तळून होतात का?

मग झिऑन वाईट का? अजिबात नाही. थ्रीडी रेंडरिंग, अनेक व्हर्च्युअल मशीन अशी कामं सगळ्या कोअरमध्ये वाटली जातात. शिवाय मेमरीतली चूक सुधारणारी ईसीसी रॅम त्यावर चालते. पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही, आणि ग्राफिक्स कार्डाचा खर्च वेगळा!

पैसे देण्याआधी एवढंच करा: रोजचं काम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. सगळे कोअर भरलेले दिसले तर जास्त कोअर घ्या. दोन-चारच पळत असतील तर वेग घ्या. भांडवल तुमचं आहे, दुकानदाराचं नाही!