हात खाली, नजर वर

पहिल्या दिवशी मी गोल काढला आणि स्क्रीनवर अंडं उमटलं. तेही आडवं, टोपलीत निजवल्यासारखं. पुन्हा काढला, पुन्हा अंडं. शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवलेली मी, पन्नाशी उलटल्यावर मला साधा गोल येईना. पेन ठेवलं आणि चहा टाकायला उठले.

चूक हाताची नव्हती, हे दोन दिवसांनी कळलं. माझा चित्र काढायचा टॅब्लेट सहा इंच रुंद आणि चार इंच उंच. लॅपटॉपची स्क्रीन मात्र १६ ला ९ या प्रमाणातली. टॅब्लेटचे चार कोपरे स्क्रीनच्या चार कोपऱ्यांना जोडलेले असतात. त्यामुळे हाताने काढलेलं रुंदीत जास्त ताणलं जातं आणि उंचीत कमी. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार-भागाकार केला: माझा गोल जवळजवळ १९ टक्के रुंद होत होता. टॅब्लेटबरोबर जो ड्रायव्हर बसवावा लागतो, त्यात प्रमाण कायम ठेवण्याची एक चौकट असते. तिथे टिक केली की टॅब्लेटची कामाची उंची चारवरून ३.४ इंचांच्या आसपास येते. अर्ध्या इंचाहून थोडी मोठी पट्टी वाया जाते, पण गोल गोलच उमटतो. हल्ली कुणी नवशिका म्हणाला, “माझ्या हातात काही राहिलं नाही,” की मी आधी त्या चौकटीबद्दल विचारते.

टॅब्लेट घ्यायला लावला भाचीने. ती ॲनिमेशनचं काम करते. निवृत्तीनंतर मी जलरंगांचा जुना डबा काढला, तर वड्यांना भेगा पडलेल्या आणि ब्रशचे केस झडलेले. ती म्हणाली, “मावशी, नवीन रंग घेण्याआधी एकदा हे करून बघ. आवडलं नाही तर मला दे.” ज्याच्यावर चित्र दिसत नाही असा काळा, सपाट, पाटीसारखा टॅब्लेट तिने निवडला. पडदा असलेले टॅब्लेटही मिळतात. त्यांच्यावर कागदासारखं थेट चित्रावर काढता येतं, पण किंमत कितीतरी पट. “आधी पाटीवर शीक,” हा तिचा सल्ला. वर्षभरानंतरही तो मला पटतो.

या पाटीतली गंमत पेनात आहे. पेनाला ना वायर, ना बॅटरी. पाटीच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते आणि ती क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडते. पेनाच्या आत तारेचं एक वेटोळं असतं. ते त्या क्षेत्रातूनच ऊर्जा घेतं आणि उलट उत्तर पाठवतं. उत्तर कुठल्या तारांना सगळ्यात जोरात ऐकू आलं, त्यावरून टोक कुठे आहे ते यंत्राला कळतं. टोक दाबलं की त्या उत्तराची कंपनसंख्या किंचित बदलते, त्यावरून दाब मोजला जातो. म्हणून पेन टेकवायच्या आधीच, सेंटीमीटरभर वर असतानाच स्क्रीनवरचा बाण हलायला लागतो. जपानमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या वाकोम कंपनीने हे बिनबॅटरीचं पेन रुळवलं. आता बऱ्याच कंपन्यांचे स्वस्त टॅब्लेटही तसंच पेन देतात. स्क्रीनवर पेनाने रेघ ओढण्याची कल्पना तर त्याहून जुनी. इव्हान सदरलंड यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत १९६३ साली ‘स्केचपॅड’ करून दाखवलं. तेव्हा प्रकाशपेन थेट स्क्रीनला टेकवायचं होतं, म्हणजे हात आणि नजर एकाच जागी.

माझी अडचण नेमकी तिथे. हात खाली टेबलावर, रेघ समोर स्क्रीनवर. पहिला आठवडाभर मी प्रत्येक रेघेला मान खाली घालून हाताकडे बघत होते. खाली काळी पाटी, तिच्यावर काहीच नाही. वर बघेपर्यंत रेघ भलतीकडे गेलेली. भाची म्हणाली, “मावशी, तू हाताकडे का बघतेस? तिथे काही नाहीये.”

आणि मला टायपिंग इन्स्टिट्यूट आठवली. बारावीनंतर मराठी ३० ची परीक्षा दिली होती. आमचे सर बोटांवर पुठ्ठा धरायचे. कुठली कळ कुठे आहे हे बोटांना माहीत असलं पाहिजे, डोळ्यांनी कागदावरचा मजकूरच वाचायचा. पहिले पंधरा दिवस रडू यायचं. मग एके सकाळी पुठ्ठा आहे की नाही हेही लक्षात राहिलं नाही. टॅब्लेटवर मी तेच केलं. एक जुना रुमाल मनगटावरून पाटीवर पसरला, हात झाकला, आणि रोज अर्धा तास फक्त रेघा. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, दोन ठिपके जोडणाऱ्या, मग गोल. बाराव्या-तेराव्या दिवशी रुमाल घसरून खाली पडला होता आणि मला कळलंही नव्हतं. पाटीवर घामाने हात चिकटायला लागला तेव्हा तोच रुमाल मे महिन्यात पुन्हा कामाला आला.

रेघ जागेवर यायला लागली, तरी थरथरत होती. त्यालाही कारण होतं. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन १५.६ इंची, म्हणजे रुंदीला साडेतेरा इंचांच्या थोडी वर. पाटी सहा इंचांची. म्हणजे हाताची प्रत्येक हालचाल स्क्रीनवर सव्वादोन पटीने मोठी होते, आणि हाताचा कंपही. कागदावर जो कंप डोळ्याला जाणवत नाही, तो इथे ठळक दिसतो. यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय असतो. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. लहान मूल दोरी बांधून खेळण्यातली गाडी ओढतं, तेव्हा दोरी धरलेला हात इकडेतिकडे हलला तरी मागची गाडी ऐटीत वळण घेते. स्टॅबिलायझरने ब्रश तसा पेनाच्या मागून येतो. पण दोरी फार लांब ठेवली तर रेघ उशिरा येते आणि सगळी वळणं एकसारखी गुळगुळीत होतात. मी तो फक्त लांब, वाहत्या रेघांसाठी सुरू करते.

पेनाच्या खोक्यावर ‘८,१९२ पायऱ्यांचा दाब’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. त्या पायऱ्या माझ्या हाताला काही मोजता आल्या नाहीत. माझा हात कचेरीतला, कार्बन लावून तीन प्रती काढणारा. मी पेन इतकं दाबायची की प्रत्येक रेघ पूर्ण जाड यायची. ड्रायव्हरमध्ये दाबाचा एक वक्र असतो. तो ओढून माझ्या जड हाताला जुळवला, तेव्हा कुठे बारीक-जाड रेघ येऊ लागली. तोवर पेनाचं टोक एका बाजूने तिरकं झिजलं होतं. खोक्यात सुटी टोकं आणि ती उपसायची छोटी कडी असते. ती कडी मी कचरा समजून टाकणार होते.

आता सॉफ्टवेअर. भाची फोटोशॉप वापरते, पण ते दर महिन्याला पैसे मागतं. आयपॅडवाले प्रोक्रिएट वापरतात. फोनवर काढणारी मुलं इबिस पेंट. मी घेतलं क्रिता. ते फुकट आहे, मुक्त आहे आणि चित्र रंगवण्यासाठीच बनवलेलं आहे. ‘क्रिता’ हा स्वीडिश शब्द, अर्थ खडू. त्यात एवढे ब्रश आहेत की पहिले चार दिवस मी नुसते ब्रश चाळत बसले, साडीच्या दुकानात घड्या उलगडून बघाव्यात तसे. पाचव्या दिवशी ठरवलं: एक पेन्सिल, एक सपाट रंगाचा ब्रश, एक मऊ कडांचा. महिनाभर चौथ्याला हात लावायचा नाही.

तीन ब्रशांनी पहिलं पूर्ण चित्र काढलं ते तांब्याच्या तांब्याचं. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राचा जुना सोबती. खिडकीतून डावीकडून ऊन येत होतं. तांब्या लॅपटॉपच्या शेजारी स्टुलावर ठेवला आणि बसले.

डिजिटल चित्राचा कणा म्हणजे लेयर, एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. फोटोशॉप १९९० साली आलं, पण त्यातही लेयर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधीची चार वर्षं लोकांनी कशी काढली असतील कोण जाणे. सगळ्यात वरच्या लेयरवर मी पेन्सिलीने कच्चं रेखाटन केलं आणि त्याचा गडदपणा तीस टक्क्यांवर आणला. त्याखालच्या लेयरवर तांब्याचा एकच मधला रंग सपाट भरला. मग त्या लेयरवरची ‘अल्फा लॉक’ची खूण दाबली. ती दाबली की रंग भरलेल्या आकाराबाहेर जात नाही. जलरंगांत कड सांभाळताना श्वास रोखायला लागायचा, इथे ती चिंताच मिटली.

सावलीपाशी मात्र मी अडले. गडद तपकिरी रंग लावला तर तांब्याला चिखल लागल्यासारखा दिसे. भाचीने फोनवर सांगितलं, “नवीन लेयर घे, त्याचा मोड मल्टिप्लाय कर आणि फिकट निळा-जांभळा लाव.” केलं, आणि तांब्याच्या पोटावर खरी सावली पडली. मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार. यंत्र प्रत्येक रंगाची उजळता शून्य ते एक अशी मोजतं. खालचा रंग ०.८ आणि वरचा ०.५ असेल, तर दिसतो ०.४. पांढऱ्याने, म्हणजे एकने गुणलं की काही बदलत नाही. काळ्याने गुणलं की काळंच. हे ऐकलं आणि लक्षात आलं की हे मला चौदाव्या वर्षापासून येत होतं. शाळेतले चित्रकलेचे सर ओरडायचे, “पहिला थर वाळू दे, मग पातळ निळा फिरव!” वाळलेल्या रंगावरचा पारदर्शक थर म्हणजेच हा गुणाकार. फरक इतकाच की इथे वाळायची वाट बघावी लागत नाही.

उजेडाचं मात्र उलटं झालं. जलरंगांत चकाकी म्हणजे राखून ठेवलेला पांढरा कागद. ती सगळ्यात आधी ठरवायची आणि शेवटपर्यंत जपायची. इथे ती सगळ्यात शेवटी, वरच्या लेयरवर दोन टिचक्या मारून येते. पहिल्यांदा मी त्या टिचक्या दहा ठिकाणी दिल्या. तांब्या स्टीलचा दिसायला लागला. आठ पुसल्या.

पुसणं इथे फार सोपं आहे आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला. कंट्रोल-झेड दाबलं की रेघ गेली. एकदा मोजलं: तांब्याच्या गळ्याची एक वळणदार रेघ मी एकतीस वेळा काढली आणि एकतीस वेळा मागे घेतली. त्यातली तिसरी चांगली होती. कागदावर ती तिसरीच राहिली असती. दुसरा मोह झूमचा. चित्र चारशे टक्के मोठं करून मी काठावरचा पोचा अर्धा तास रंगवला. पूर्ण चित्र बघितलं, तर तिथे एक तीळ होता. आता दर दहा मिनिटांनी पूर्ण चित्र बघायचं, आणि एक रेघ तीनपेक्षा जास्त वेळा मागे घ्यायची नाही, असे दोन नियम कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवलेत.

दोन चुका पैशांत आणि वेळेत महाग पडल्या. पहिलं चित्र मी फक्त जेपेगमध्ये सेव्ह करून बंद केलं. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत, सगळे एकमेकांत मिसळून जातात. दुसऱ्या दिवशी सावली बदलायला गेले तर बदलायला लेयरच नव्हता. क्रिताची स्वतःची ‘केआरए’ फाइल आधी ठेवायची, जेपेग फक्त दुसऱ्यांना पाठवायला. दुसरी चूक छपाईची. ८०० बाय ६०० पिक्सेलचं चित्र ए-फोर आकारात छापायला दिलं. छापून आलं ते जिन्याच्या पायऱ्यांसारख्या कडांचं. ए-फोर कागद ३०० डीपीआयने छापायचा तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात आणि ते चित्र सुरू करतानाच ठरवायचं असतं. शिवाय स्क्रीन प्रकाशाने रंगवते आणि छपाई शाईने. त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर मवाळ होतोच. त्याचा राग छापणाऱ्यावर काढण्यात अर्थ नाही. मी काढला होता, नंतर जाऊन माफी मागितली.

शिकायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला डेव्हिड रव्वा या फ्रेंच चित्रकाराचा. ‘पेपर अँड कॅरट’ ही त्यांची चित्रकथा २०१४ पासून क्रितामध्ये काढली जाते आणि तिच्या मूळ फाइली त्यांनी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. फाइल उघडायची, एकेक लेयर बंद-चालू करायचा आणि हा माणूस सावली कुठे ठेवतो ते बघायचं. सरांच्या मागे उभं राहून त्यांचा हात बघण्याच्या सगळ्यात जवळचं असं हेच मिळालं.

आता त्या तांब्याचं शेवटचं. क्रितामध्ये एम दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं दिसतं. तांब्या पूर्ण झाल्यावर मी ते दाबलं आणि तांब्या एका बाजूला कलंडलेला दिसला. डावी बाजू फुगलेली, उजवी चापट. मग माळ्यावरच्या ट्रंकेतून इंटरमिजिएटच्या सरावाचा जुना कागद काढला आणि आरशासमोर धरला. तिथेही तांब्याची डावी बाजू फुगलेली. चाळीस वर्षांत ब्रश, कागद, रंग सगळं बदललं, पण माझ्या डोळ्याची खोड तीच राहिली.

टॅब्लेट घ्यायचा विचार असेल तर साधा, बिनपडद्याचा घ्या आणि पैसे राखून ठेवा. क्रिता उतरवून घ्या. पहिल्या दिवशी ड्रायव्हरमधली प्रमाणाची चौकट बघा. पहिले पंधरा दिवस हातावर रुमाल टाकून फक्त रेघा आणि गोल काढा. आणि चित्र कुणाला दाखवण्याआधी एकदा एम दाबून बघा.