पहिल्या क्रमांकावर कोणतं कॉलेज?

एमबीएची सीईटी अडीच तासांत संपते. दोनशे प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. तिच्यासाठी मुलं वर्षभर राबतात. निकाल लागल्यावर कॉलेजांची यादी मात्र घाईघाईत, मित्राची बघून भरली जाते. पुढची दोन वर्षं आणि घरचे काही लाख रुपये कुठे जाणार, हे ठरतं त्या यादीवर.

मी सांगलीत वाणिज्य शाखेला शिकवतो. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू झाल्या की आजी-माजी विद्यार्थी स्कोअरकार्ड घेऊन येतात, बरोबर आई किंवा वडील असतात, आणि आम्ही विकल्प अर्ज लावायला बसतो. वरची नावं प्रत्येकाची तीच : जमनालाल बजाज, सिडनहॅम, वेलिंगकर, पुण्यात पुम्बा. त्या नावांमागे खरी पुण्याई आहे. बजाज संस्था मुंबई विद्यापीठाने 1965 साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने काढली, पुम्बा 1971 पासून आहे. पण तिथल्या जागा मोजक्या. बहुतेक मुलांचा प्रवेश होतो तो यादीतल्या पाचव्या, आठव्या, बाराव्या ओळीवर, आणि नेमक्या त्याच ओळी कुणी नीट तपासलेल्या नसतात. म्हणून आमचा जास्तीत जास्त वेळ तिथे जातो.

आधी गेल्या वर्षीचा कटऑफ. सीईटी कक्षाची ही यादी वाचताना रकान्यावरचं शेवटचं अक्षर बघावं लागतं. सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण जागेचा, ‘एल’ मुलींसाठी राखीव जागेचा, मध्ये प्रवर्ग. शेवटी ‘एस’ असेल तर जागा राज्यस्तरावरची, ‘एच’ असेल तर त्याच विद्यापीठाच्या मुलांसाठी, ‘ओ’ असेल तर बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांसाठी. मागे एक मुलगी पुण्यातल्या एका कॉलेजाचा आकडा बघून निश्चिंत झाली होती. तिची पदवी शिवाजी विद्यापीठाची आणि आकडा होता ‘एच’च्या रकान्यातला. ‘‘अगं, तुझा रकाना शेजारचा,’’ म्हटल्यावर तिने बोट सरकवलं. तिथला कटऑफ बराच वर होता. ते कॉलेज आम्ही यादीतून काढलं नाही, पण त्याच्या भरवशावर खालच्या ओळी मोकळ्या सोडायच्या नाहीत, हे तिथेच ठरलं.

मग नोकरीचा प्रश्न. प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकावर सर्वांत मोठं पॅकेज ठळक छापलेलं असतं. ते एका मुलाचं असतं. मी मुलांना केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजने भरलेला तक्ता काढायला लावतो. क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला तो स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावा लागतो. त्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासमोर ओळीने आकडे असतात : प्रवेश किती झाले, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना लागली, आणि त्यांचा मध्यक पगार. समजा 120 प्रवेश, 110 उत्तीर्ण, 66 जणांना नोकरी आणि मध्यक पाच लाख. म्हणजे नोकरी लागलेल्या 66 पैकी निम्म्यांचा पगार पाच लाख किंवा त्याहून कमी. उरलेल्यांतले काही पुढे शिकायला गेले असतील, काही घरच्या धंद्यात, काही अजून शोधात. वर्गात मधोमध असणाऱ्या मुलाचं काय होतं, ते या एका ओळीत कळतं. आपलं मूल पहिलं येईल असं धरून कॉलेज निवडू नये. मधोमध राहिलं तरी जिथे त्याचं भलं होईल, ते कॉलेज वर घ्यावं. माझ्या मते सगळ्या निवडीचं सार एवढंच आहे.

त्यानंतर फी. खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर दिसते. तिच्यात हॉस्टेल, मेस आणि कर्जाचं व्याज आपण मिळवायचं. शिष्यवृत्तीचा हिशेब तर यादी लावायच्या आधीच करायला हवा. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना राज्य सरकार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करतं. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की हा लाभ नाही, खाजगी आणि अभिमत विद्यापीठांनाही तो लागू नाही. ‘‘एजंट म्हणतोय, आत्ताच सीट बुक करा,’’ असं सांगणारे वडील दर हंगामात भेटतात. मुलीचा नंबर कॅपमध्ये लागत असताना कोट्याचे पैसे भरणं म्हणजे तिच्या हक्कावर आपणच पाणी सोडणं. हे सांगताना माझा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा.

शेवटी क्रम. मुलांना भीती असते की बजाज पहिलं टाकलं आणि नाही मिळालं, तर खालचंही हातचं जाईल. तसं होत नाही. गुणवत्ता क्रमांकानुसार एकेकाचा अर्ज घेतला जातो आणि त्याच्या यादीत वरून खाली येताना जी पहिली मोकळी जागा त्याला लागू पडते, ती दिली जाते. वर कठीण कॉलेज लिहिल्याने खालच्या ओळीवरचा हक्क कमी होत नाही. म्हणून क्रम शक्यतेचा लावायचा नाही, पसंतीचा लावायचा. मात्र पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. पुढच्या फेऱ्यांचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्यावेत, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये.

यादी पूर्ण झाली की ती मी खालून वर वाचायला लावतो. प्रत्येक ओळीवर प्रश्न एकच : ‘‘हेच मिळालं, तर जाशील?’’ उत्तर ‘हो’ असेल तर ओळ राहते. मुलगा आईकडे बघायला लागला, तर आम्ही पुन्हा तक्ता उघडतो, आणि तरी ‘हो’ आलं नाही तर ती ओळ खोडतो. यादी आखूड झाली तरी चालेल. तिच्यातलं कुठलंही कॉलेज मिळालं तरी मुलाने मनापासून जायला हवं.