काठी दुखऱ्या बाजूला नको!

चालणे ही क्रिया इतकी अंगवळणी पडलेली असते की, ती बिघडल्याखेरीज तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. लंगडणे पायात दिसते. पण त्याचे मूळ खुब्यात, पोटरीत किंवा एखाद्या मज्जातंतूतही असू शकते. ते मूळ न शोधता रुग्णाला नुसते ‘सरळ चाला’ असे बजावण्यात काही अर्थ नसतो. म्हणूनच फिजिओथेरपिस्टला चालण्यामागचे यांत्रिकी गणित ठाऊक असावे लागते.

एक टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचे एक आवर्तन पूर्ण होते. निरोगी माणसाचे पाऊल त्यातील सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर आणि ४० टक्के काळ हवेत असते. दोन्ही पावले एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ जेमतेम २० टक्के. म्हणजे उरलेला ८० टक्के वेळ आपण चक्क एका पायावर उभे असतो! पडण्याची धास्ती घेतलेली वृद्ध व्यक्ती दोन्ही पायांच्या आधाराचा हा काळ नकळत वाढवते. त्यामुळे पावले आखूड पडतात आणि वेग मंदावतो.

एका पायावर उभे राहण्याचा खरा भार सोसतो तो खुबा. उजव्या पायावर उभे असताना शरीराचे वजन कमरेला डावीकडे खाली ओढते. तिला समतल ठेवण्याचे काम उजव्या खुब्याच्या बाहेरील बाजूचे स्नायू करतात. हे स्नायू सांध्याच्या अगदी जवळ असतात, तर वजनाचा मध्य त्यामानाने दूर. तरफेच्या नियमानुसार स्नायूंना वजनाच्या जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो आणि सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीनपट भार येतो. हे स्नायू दुबळे झाले की कंबर विरुद्ध बाजूला झुकते किंवा रुग्ण दुबळ्या बाजूला अंग टाकून चालतो. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये या लक्षणाचे वर्णन केले. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

काठीचे कोडे येथेच सुटते. उजवा खुबा दुखत असेल, तर काठी डाव्या हातात हवी. तेथून तरफेची भुजा लांब मिळते व काठीवरील थोड्याशा दाबानेही खुब्याचा भार बराच हलका होतो. आपल्याकडे मात्र दुखऱ्या बाजूलाच काठी धरलेली माणसे सर्रास दिसतात.

लंगडण्याच्या इतर तऱ्हाही बोलक्या आहेत. पोलिओने मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडलेली व्यक्ती गुडघा दुमडू नये म्हणून मांडीवर हात दाबून चालते. कुष्ठरोगात किंवा गुडघ्याजवळील मज्जातंतूला इजा झाल्यास पाऊल लटके पडते. मग चवडा घासू नये म्हणून पाय उंच उचलावा लागतो. येथे गुडघ्याचे व्यायाम देऊन भागत नाही, घोट्याला आधार देणारी पट्टी लागते. चाल ‘सुधारण्याच्या’ नादात रुग्णाची अशी लकब आधीच मोडली, तर तो पडण्याचा धोका असतो. ती लकब हाच त्याचा आधार असतो!

कॅमेरे आणि दाबमापक पट्ट्या बसवलेल्या प्रयोगशाळा महागड्या असतात. तथापि मोकळा व्हरांडा, मोबाइलवर संथ गतीने पाहता येणारे चित्रण आणि रुग्णाची झिजलेली चप्पल यांतूनही बरेच काही कळते. दहा मीटर चालण्यास लागणारा वेळ उपचारापूर्वी व नंतर मोजायला तर मनगटी घड्याळही पुरते.