पन्नास शब्दांची गोंडी

जानेवारीतल्या सकाळी शहपुऱ्याच्या शिवारात मटारच्या वेलांवर इतकं दव असतं की तोडणीला बसलेल्या बायांची बोटं पहिल्या तासाभरातच सुरकुततात. वेल पायाखाली आला की हिरवा, किंचित गोडसर वास उठतो आणि संध्याकाळपर्यंत कपड्यांना धरून राहतो. 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत जबलपूरच्या नावापुढे हा मटारच आहे. हंगामात सहजपूरची मंडी त्याच्या बोऱ्यांनी भरून जाते. शेंगा तोडणारे हात मात्र पूर्वेकडून येतात, मंडला आणि दिंडोरी जिल्ह्यांतून. दिंडोरीतही एक शहपुरा आहे, त्यामुळे काही कुटुंबं एका शहपुऱ्याहून निघून दुसऱ्या शहपुऱ्यात कामाला येतात.

या शिवारात एका मराठी कुटुंबाची थोडी जमीन आहे. घरातल्या काकू जबलपूरच्या शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्तीनंतर तोडणीच्या दिवसांत काट्याशेजारी वही घेऊन बसतात. कोणाच्या किती बोऱ्या, किती किलो, किती उचल दिली, हे सगळं त्या वहीत. एका सकाळी काट्यामागून मोजणीचा आवाज आला : उंदी, रंड, मूंद, नालुंग, सैयुंग. मोजणाऱ्या होत्या दिंडोरीकडच्या एक वयस्कर बाई, ज्यांना सगळे दाई म्हणतात. काट्यावर चढणाऱ्या आपल्या बोऱ्या त्या स्वतःशीच मोजत होत्या. काकूंचं सारं आयुष्य जबलपुरात गेलेलं, पण गोंडी त्यांच्या कानावर तेव्हा पहिल्यांदा पडली.

यात काकूंचा दोष नाही. जबलपूर हे गोंडांच्या नावांनी भरलेलं शहर आहे. मदन महाल टेकडीवर आहे, विद्यापीठ राणी दुर्गावतीचं आहे, १८५७ च्या १८ सप्टेंबरला तोफेच्या तोंडी दिलेल्या राजा शंकर शाह आणि रघुनाथ शाह यांचं स्मारक शहराच्या मध्यात आहे. ही नावं रोज उच्चारली जातात, भाषा मात्र ऐकू येत नाही. ती दरबारातही फारशी लिहिली गेली नसावी : मंडल्याजवळच्या रामनगरला गोंड राजा हृदय शाहचा १६६७ चा शिलालेख आहे आणि त्यात गढा-मंडल्याच्या राजांची वंशावळ संस्कृतात कोरलेली आहे. पुढे १९३२ साली आपल्याकडचे शामराव हिवाळे मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनबरोबर मैकलच्या डोंगरातल्या करंजियाला राहायला गेले, तेव्हाही तिथल्या अनेक गोंडांच्या तोंडी हिंदीचीच बोली होती. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार निघाले. गोंड समाज एक कोटीच्या पुढे आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर मटारच्या शेतातही दिसतं. दाई गोंडी बोलतात, त्यांची सून समजून घेते आणि हिंदीत उत्तर देते, नातू मोबाइलवर हिंदी गाणी ऐकतो.

शिकायची इच्छा काकूंनी बोलून दाखवली तेव्हा दाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "पचास में काम चल जाएगा," असं त्या म्हणाल्या. पन्नास शब्द. हा आकडा त्यांनी कुठून काढला ते त्यांनाच माहीत, पण काकूंनी तो वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि त्याखाली रकाने आखले.

शिक्षिकेच्या सवयीने काकूंनी आधी आपल्याला काय लागेल याची यादी केली. ये, जा, बस, दे, खा. दाईंनी एकेक शब्द दिला : वरा, हन, उद्दा, सीम, तिन. यादी भराभर भरली. 'येर' म्हणजे पाणी, म्हणून 'येर सीम', पाणी दे. पहिल्याच दिवशी वाक्य तयार झालं, आणि ते बरोबरही होतं. दाईंना मात्र ते फारसं आवडलं नाही. त्यांनी विचारलं, हे सगळं तर हुकूम आहेत, दीदी तुम्ही आम्हाला काही विचारणार नाही का?

हा प्रश्न या सगळ्या शिकण्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. परभाषिक मजुराची भाषा शिकणाऱ्या मालकाची सुरुवात नेमकी तिथेच होते, आणि बहुतेकांची तिथेच संपते. चहाच्या मळ्यांसाठी, लष्करासाठी, खाणींसाठी इंग्रजांच्या काळात छापलेली छोटी पुस्तकं चाळली तर पानामागून पान आज्ञार्थी क्रियापदं दिसतात. ज्याला फक्त काम करून घ्यायचं असतं त्याला तेवढी पुरतात. दाईंनी काकूंचं पान उलटवलं आणि पुढचे शब्द स्वतः निवडून दिले.

बोर म्हणजे कोण. बग्गा, कुठे. बताल, काय. बप्पोर, केव्हा. मराठीत जसे प्रश्न 'क'ने सुरू होतात, तसे गोंडीत 'ब'ने, हे लक्षात आलं आणि काकूंचं काम सोपं झालं. 'नीवा परोल बताल?' तुझं नाव काय? 'नीवा नार बग्गा मंता?' तुझं गाव कुठे आहे? ही दोन वाक्यं घेऊन त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसलेल्या बायांकडे गेल्या. बऱ्याच जणींनी हिंदीत उत्तरं दिली. एक म्हातारी मात्र भराभरा बोलत सुटली. गावाचं नाव तेवढं काकूंना कळलं, बाकी सगळं डोक्यावरून गेलं, तरी ती बोलत राहिली आणि दाई मध्ये मध्ये अर्थ लावत राहिल्या. तिच्या गावात यंदा विहिरीला पाणी नाही, 'येर हिल्ले', एवढं त्यातून नक्की हाती लागलं.

शरीराचे शब्द शिकताना वेगळंच घडलं. हाताला 'कै', पायाला 'काल', डोळ्याला 'कन'. काकूंच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहतं. त्यांच्या मुलाला हे तीन शब्द ऐकवले तर तो म्हणाला, हे तर आमचेच आहेत. खरंच आहेत. तमिळमध्येही हात कै, पाय काल, डोळा कण. मासा दोन्हीकडे 'मीन'. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा आहे, तेलुगूच्या जवळची. मूंद आणि नालुंगच्या शेजारी तेलुगूचे मूडू आणि नालुगू ठेवले की नातं स्पष्ट दिसतं. नर्मदेच्या काठावर, चारी बाजूंनी हिंदी बोली असताना, हे शब्द टिकून राहिले आहेत.

लिंगाचा प्रकार काकूंना सगळ्यात जड गेला. मर्री, म्हणजे मुलगा आला, तर 'वातोर'. मियाड, म्हणजे मुलगी आली, तर 'वाता'. आणि नै, म्हणजे कुत्रा आला, तरी 'वाता'च. एकवचनात पुरुष एका बाजूला आणि बाई, जनावर, वस्तू दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी आहे. तेलुगूतही तशीच आहे. मोजणीतसुद्धा एक पुरुष असेल तर 'वरोर', एक बाई किंवा एक बोरी असेल तर 'उंदी'. यावरून गोंड समाजात बाईची किंमत काय, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो काढू नये. व्याकरणाचा साचा समाजापेक्षा फार जुना असतो, आणि शेतात पैशांचा हिशेब करणाऱ्या, गाडी ठरवणाऱ्या, टोळीला कामावर आणणाऱ्या दाईच होत्या.

सातापर्यंतची गणती, म्हणजे सारुंग आणि येरुंगपर्यंत, दाई सहज म्हणत. पुढे त्यांची जीभ हिंदीतल्या आठ-नौकडे वळे आणि दहाला 'पद' म्हणून परत गोंडीत येई. अनेक भागांत असंच आहे, मोठे आकडे शेजारच्या भाषेचे झाले आहेत. मटर, बोरा, तौल, पैसा हेही हिंदीच. बाजारातली भाषा आधी बदलते. आज, उद्या, काल मात्र जागच्या जागी आहेत : नेंड, नाडी, निन्ने. काकू रोज वहीत तारखेच्या शेजारी 'नेंड' लिहू लागल्या. मजुरीचा प्रश्नही त्याच शब्दांत येई. पैसे नेंड की नाडी? दाईंनी हा प्रश्न शिकवताना काकूंकडे रोखून पाहिलं, आणि त्या आठवड्यापासून हिशेब रोजच्या रोज चुकता होऊ लागला.

पुस्तकांची मदत होते, पण जपून घ्यावी लागते. मंडल्याकडे काम केलेल्या विल्यमसन या मिशनऱ्याचं गोंडी व्याकरण १८९० साली लंडनला छापलं गेलं. आपले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या राज्यात अधिकारी असताना आदिलाबादच्या गोंडांमध्ये वावरले आणि १९५४ साली त्यांचं गोंडी व्याकरण प्रसिद्ध झालं; मराठी माणसाने या भाषेसाठी घेतलेले ते फार मोठे कष्ट आहेत आणि त्यांची आठवण आपण ठेवलेली नाही. बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडीभाषकांनी एकत्र बसून केलेला, सुमारे तीन हजार शब्दांचा प्रमाण गोंडी कोश २०१८ साली आला. केंद्र सरकारचं 'आदि वाणी' हे भाषांतराचं अॅप २०२५ साली सुरू झालं, त्यातही गोंडी आहे, पण ती छत्तीसगडची.

या शेवटच्या गोष्टीने फरक पडतो. मंडल्याकडे 'सीम' म्हणजे दे. दक्षिण-पूर्वेला बस्तरकडे जावं तसा हा 'स' 'ह' होतो आणि काही ठिकाणी तोही गळून पडतो. सी, ही, ई असं एकच क्रियापद तीन रूपांनी उभं राहतं. काकूंच्या भाच्याने मोबाइलवरून हौसेने काही शब्द वाचून दाखवले तेव्हा दाईंनी मान हलवली : ही आमची नाही, लांबची आहे, पण कळते. भाषा शिकायला बसलेल्या माणसाने समोरच्या माणसाची बोली धरावी, छापील शब्दाचा आग्रह सोडावा. मैलामैलावर बदलणारी भाषा पुस्तकातून घेतली तर ती कोणाशीच बोलता येत नाही. दाईंना लिहिता-वाचता येत नाही, गोंडीसाठी कोणती लिपी आहे हेही त्यांना ठाऊक नाही, आणि शिकवण्याच्या कामात त्यांचं कुठेही अडत नाही. त्या शब्द तीनदा म्हणतात, मग तो वापरून एखादं काम सांगायला लावतात, आणि काम झालं तरच शब्द आला असं धरतात.

एका दुपारी दाईंचा गुडघा धरला. 'नोयाना' हे दुखण्याचं क्रियापद त्याआधीच यादीत आलं होतं. काकूंनी विचारलं, 'बग्गा?' दाईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ बोलल्या. वय, थंडी, ओल्या जमिनीवर उकिडवं बसणं, मागच्या वर्षीचं पडणं. हे सगळं त्या हिंदीतही सांगू शकल्या असत्या, हिंदी त्यांना उत्तम येते. आजवर सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना तोडणीऐवजी शेंगा निवडायच्या कामावर बसवलं, मजुरी तीच.

पन्नासावा शब्द कोणता ते काकूंनी मोजलं नाही; वहीचं मागचं पान भरून दुसरं सुरू झालं होतं. दाईंचे पन्नास शब्द म्हणजे काम चालण्यापुरतं, आणि काम चालतं हे खरं. नातवाला मात्र एकही शब्द वापरायची गरज पडत नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बोडो, संथाळी, डोगरी आणि मैथिली २००३ च्या दुरुस्तीने आल्या, गोंडी अजून बाहेर आहे. तिच्यासाठी होणाऱ्या मागण्या, निवेदनं आवश्यक आहेत. पण मालकाने मजुराशी बोलायला अनुसूचीची वाट पाहायचं कारण नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी ही गोष्ट जबलपूरपेक्षा जवळची आहे. गडचिरोलीत, चंद्रपुरात, यवतमाळ आणि गोंदियात गोंडी रोजच्या बोलण्यात आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. त्या भागात बदली होऊन गेलेले शिक्षक, परिचारिका, तलाठी, बँकेतले कर्मचारी, आणि ज्यांच्या शेतावर किंवा घरी गोंडी बोलणारी माणसं कामाला येतात असे सगळे, यांनी समोरच्या माणसाकडूनच पन्नास शब्द मागून घ्यावेत. आणि यादी करताना बोर, बग्गा, बताल, बप्पोर हे चार आधी लिहावेत, 'सीम' नंतर.