आकाशाचा नकार सकारण हवा

उज्जयिनीच्या फ्रीगंज भागातील टॉवर चौकाशी आमच्या किनारपट्टीचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हा जुना संबंध झाला. नवा संबंध आकाशाचा आहे. २०२८ मध्ये त्या नगरीत सिंहस्थ भरावयाचा आहे. गर्दीवर देखरेख करण्यासाठी ड्रोन लागणार आणि त्याच कारणास्तव इतरांच्या ड्रोनना वेळोवेळी मज्जाव होणार, हे उघड आहे. टॉवर चौकातील छायाचित्रकारास त्या वेळी जो नियम लागू होईल, तोच कळंगुटच्या छायाचित्रकारास आजही लागू आहे; कारण नियम केंद्राचा आहे.

२५ ऑगस्ट २०२१ पासून अमलात आलेल्या ड्रोन नियमांचे स्वागतच करावयास हवे. अर्जांचे नमुने पंचवीसवरून पाचावर आले. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संगणकीय व्यवस्थेत देशाच्या आकाशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांत मांडला गेला. हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची, तर तांबड्यात केंद्र सरकारची परवानगी लागते. विमानतळाभोवतीचे पिवळे क्षेत्र पंचेचाळीस किलोमीटरवरून बारावर आणले गेले. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या चिमुकल्या गोव्यास या सवलतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि याच नियमांत तातडीच्या प्रसंगी कोणतेही क्षेत्र तात्पुरते तांबडे ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारला व पोलिसांना दिलेला आहे. आदेश काढणारा अधिकारी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून खालचा नसावा, मुदत एका वेळी शहाण्णव तासांहून अधिक नसावी आणि क्षेत्राचा विस्तार वाजवी असावा, अशी बंधने त्यावर आहेत. बंधने चांगली आहेत. परंतु ‘एका वेळी’ या दोन शब्दांतून शहाण्णव तासांचे कितीही हप्ते बाहेर पडू शकतात, आणि ‘वाजवी’ म्हणजे किती हे नागरिकास तपासता येईल अशी सोय नाही. त्यास नकाशावर दिसतो तो केवळ रंग.

यापुढची पायरी अधिक गंभीर आहे. २०१८ मध्ये ‘परवानगी नाही, तर उड्डाण नाही’ हे तत्त्व जाहीर झाले. मंजुरीचा संगणकीय दाखला नसेल तर ड्रोन जमिनीवरून उठणारच नाही, असा त्याचा अर्थ. ही व्यवस्था पुढे लागू करण्याची तरतूद २०२१ च्या नियमांतही आहे. ती आली म्हणजे नकार देणारा अंमलदार समोर नसेल. हातातले यंत्रच मुके होईल. परंतु यंत्र स्वतः काहीच ठरवीत नसते. त्यात कोणीतरी घातलेला नियम आणि कोणीतरी रंगविलेला नकाशा ठरवीत असतो. त्या ‘कोणीतरी’ला नाव असले पाहिजे.

मोठ्या कंपनीस दिल्लीत खेटे घालणारी माणसे ठेवता येतात. लग्नाचे चित्रण करून पोट भरणाऱ्यास, किंवा बचतगटातर्फे शेतात फवारणी करणाऱ्या महिलेस, ते परवडत नाही. एका दिवसाच्या निरुत्तर नकाराने त्यांचे काम जाते. नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचे कारण काहींनाच कळत असेल, तर ती समता केवळ कागदावरची होय.

याबाबत नवे तत्त्व शोधावयास नको. माहितीच्या अधिकाराचा कायदा गोव्याने १९९७ मध्येच, देशाच्या आधी आठ वर्षे केला. २००५ च्या केंद्रीय कायद्याचे चौथे कलम तर प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस द्यावीत, असे स्पष्ट सांगते. जम्मू-काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी निर्बंधाचे आदेश प्रसिद्ध करण्यास सांगितले, ते लोकांस दाद मागता यावी म्हणूनच. नकार संगणकाने कळविला, म्हणून हे कर्तव्य संपत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न आम्ही गौण मानीत नाही. लाखोंच्या गर्दीवर ड्रोन कोसळला तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको. बंदोबस्ताचा तपशील गुप्त राहावा, हेही मान्य. परंतु बंदोबस्ताचा तपशील वेगळा आणि बंदीचे कारण वेगळे. प्रत्येक नकारासोबत नियमाचे कलम, आदेश देणाऱ्याचे पद, मुदत आणि दाद मागण्याचे ठिकाण, एवढे चार मुद्दे पडद्यावर यावेत. शहाण्णव तासांची मुदत वाढविताना नवे कारण नोंदवावे. किती अर्ज आले, किती नाकारले आणि उत्तरास किती वेळ लागला, याचा जिल्हावार गोषवारा दर महिन्यास प्रसिद्ध व्हावा. सरकारी कंत्राटदाराच्या ड्रोनला मुभा दिली असेल, तर तीही त्यात नोंदविली जावी.

सिंहस्थास अद्याप अवधी आहे. तोवर ही सुधारणा झाली, तर तिचा लाभ टॉवर चौकाइतकाच आमच्या किनाऱ्यासही होईल. आकाश सरकारच्या ताब्यात असावे, याबद्दल वाद नाही. त्याचा हिशेब मात्र जनतेस मिळालाच पाहिजे.